खंडेनवमीचा बाटला

१२ सप्टेंबर

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून महिना झाला. काल सांगलीच्या डॉक्टरनं बत्ती मारून बघितलं आणि म्हणाला, डोळा छान बसलाय, आता वापरा. राजीनं ते लगेच मनावर घेतलं. राजी म्हणजे माझी नात, राजेश्वरी. डेअरीनं वाटलेली डायरी कपाटात कोरी पडून होती, ती माझ्यापुढं आपटली.

"आजी, रोज चार ओळी लिव. डोळ्याला काम हुईल आन तोंडाला इसावा."

तोंडाचं तिनं मधे का आणलं ते मला कळतंय.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण तीस वर्षं कोईमतूरला काढली. नवरा तिथं गलाईच्या दुकानात जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचा. आमच्या विट्याच्या भागात घरटी एक माणूस त्याच धंद्यात. तिथं मराठी बोलायला कोण नसायचं, म्हणून गावाकडं कागद लिहून लिहून हात बसला. नवरा गेला आणि मी गावी आले. मुलगा-सून तिकडंच भट्टीपुढं आहेत.

डॉक्टरनं काळा गॉगल दिलाय. म्हणाला, मोतीबिंदूला कारण वय आहे, भट्टीवरच्या तेजाबाचा धूर आहे, आणि ऊनसुद्धा आहे. उन्हातले काही किरण डोळ्याला वाईट असतात. सत्तर वर्षं उन्हात काढली तोवर हा डॉक्टर कुठं होता कुणाला ठाऊक. आज गॉगल घालून शेण काढायला गेले तर म्हैस बुजली.

१६ सप्टेंबर

आज ओझोनचा दिवस असतो म्हणे. देवाधर्माचे दिवस पुरेनात म्हणून आता हे.

राजी आयटीआय करून फ्रिज, डेअरीचे दूध-कुलर, एसी दुरुस्त करते. पुढच्या खोलीत दुकान आहे. आधी गाव हसलं. आता फ्रिज बंद पडला की हसणारेच "ताई, जरा येता का" करत येतात. आज तिला शाळेत पोरांना ओझोनचं सांगायला बोलावलं होतं. जायच्या आधी तिनं सगळं माझ्यावर म्हणून बघितलं.

"आजी, लय वर आभाळात ओझोन नावाच्या वायूचा थर हाय. डाळिंबाच्या रोपांवर शेडनेट असती का न्हाई, तसा. उन्हातलं वाईट तेवढं अडवतो, बाकीचं खाली सोडतो."

"कुणी बांधली ती नेट?"

"कुणी न्हाई. आपल्या आधीपासनं हाय. ती हाय म्हणून पिकं हायत, जनावरं हायत, तू हायेस."

"मी माझ्या आईमुळं हाय."

ती हसली नाही. जुन्या फ्रिजातला, कुलरातला गॅस हवेत सोडला की तो हळूहळू वर जातो आणि ती नेट कुरतडतो, म्हणाली. एकच कण, पण उंदीर जसा पोत्यामागून पोतं फोडतो तसा खातच सुटतो. लांब दक्षिणेला त्यानं भोक पाडलं. मग सगळ्या देशांनी एकत्र बसून ठरवलं की असला गॅस करायचाच बंद करायचा. आता भोक हळूहळू भरतंय.

"भरतंय तर मग तू कशाला बोंबलतीस?"

"तुझा डोळा बरा व्हत हुता तवाच चोळू नको म्हणाला ना डॉक्टर? बरं व्हतानाच जपायचं असतं. जुन्या मशिनींत तो गॅस अजून लय हाय. आन भरून यायला तुझ्या पणतवंडांचा जलम जाणार."

"ते भोक कुठं आन विटा कुठं."

"हवेला बांध नसतो, आजी."

"त्या गॅसाला वास न्हाई, रंग न्हाई. दिसत न्हाई ते खरं कशावरनं?"

"मोतीबिंदू वाढताना दिसला हुता का तुला?"

 मी चहा ठेव म्हटलं.

२२ सप्टेंबर

घट बसले. बयाबाई शेजारून आली आणि म्हणाली, गॉगल घालून देवीपुढं बसू नको चंद्रे, देवी घाबरंल. बयाला दात नाहीत पण जीभ शाबूत आहे.

२८ सप्टेंबर

डेअरीचा मोठा कुलर बंद पडला. गावाचं दूध टँकर येईपर्यंत त्यात थंड राहतं. कुठंतरी सांध्यातून गॅस गळतोय. चेअरमन लालासाहेबानं राजीला बोलावलं आणि विटा रोडच्या मेकॅनिक नाथाजीलाही. दोन घोडे बांधायची सवय आहे लालाची.

नाथाजी म्हणाला, "सगळा गॅस सोडून देतो, गळतीवर डाग मारतो, नवा भरतो. सांजच्याला चालू."

राजी म्हणाली, "नवा कुठनं आणशील? ह्यो बावीस नंबरचा गॅस. आता करायचाच कमी केलाय, म्हागला बी हाय आन मिळत बी न्हाई. आधी आतला उरलेला ओढून बाटल्यात घेते. सांधा बदलते. मग त्योच साफ करून परत घालते. सामान विट्यासनं यायला तीन-चार दिवस जातील."

लालाला तिचं पटलं. नाथाजीला राग आला. मी माळ्याच्या पोराला घेऊन बघायला गेले होते, म्हणून हे सगळं कानांनी ऐकलं.

पण काढलेलं परत घालणार म्हणजे काय? ओकलेलं गिळायचं? माणसाला चालत नाही ते मशीनला कसं चालेल. लालाला बरं वाटावं म्हणून पोरगी बोलली असेल.

दिवसभर सांगलीहून आणलेलं ते गॅस ओढायचं मशीन धडधडत होतं. संध्याकाळी राजीनं गॅस भरलेला लोखंडी बाटला घरी आणून सोप्यात ठेवला. दोन्ही हातांनी, कण्हत. वर खडूनं लिहिलं, डेअरी.

"आजी, ह्याला हात लावू नको."

"मला काय करायचाय तुझा बाटला."

३० सप्टेंबर

दूध बर्फ टाकून छोट्या टेंपोनं विट्याला जातंय. सांजचं नासतं. आज बयाचं सगळं दूध परत आलं. दोन म्हशींवर घर आहे तिचं. तिनं ते वासराला पाजलं आणि माझ्याशी बोलली नाही. राजीशी बोलली, ते बरं नव्हतं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. ज्याचं जे हत्यार त्याची आज पूजा. फौजीच्या घरात बंदूक, शेतकऱ्याच्या घरात विळा-खुरपं. आमच्यात सोनं आटवायची मूस, चिमटा, फुंकणी. नवरा होता तोवर आदल्या दिवशी भट्टी थंड करायचा आणि मूस रिकामी करून राखेनं घासून लख्ख करायचा. एकदा एका गिऱ्हाइकाचं सोनं मुशीत राहिलं होतं. मी तशीच देवापुढं ठेवली तर असा तडकला. "भरल्या मुशीची पूजा व्हत न्हाई. दुसऱ्याचं पोटात ठिवून देवापुढं बसायचं व्हय?" मला ते पटलं होतं. आजही पटतं.

राजी सामान आणायला विट्याला गेली. म्हणाली, आजी, माझी हत्यारं तेवढी मांड. मी पाने धुतले, पकडी घासल्या, गॅसचा दाब बघायचं ते दोन घड्याळांचं यंत्र पुसलं. राहिला बाटला. त्यात डेअरीच्या मशीनची घाण. दुसऱ्याचं. उष्टं.

अंगणात नेला. कसला जड. कॉक हातानं फिरेना, मग पान्यानं फिरवला. नागानं फुत्कार टाकावा तसा आवाज आला. पांढरी वाफ निघाली आणि बघता बघता बाटल्यावर दहिवर जमलं, भर उन्हात. मी घाबरून कॉक बंद करायला गेले तर अंगठा आणि दोन बोटं चिकटली. ओढून काढली. थंडीनं भाजतं हे मला आज कळलं. चुलीनं कधी असं भाजलं नाही.

मग बंद करायच्या नादाला लागले नाही. पावटा सोलून होईस्तोवर सुसू चाललं होतं. मग गप झाला.

आभाळाकडं बघितलं. जसंच्या तसं. एवढ्याशा बाटल्यानं त्याला काय होतंय.

बाटला कोरडा पुसून हळद-कुंकू, झेंडू घातला. पूजा छान दिसली.

राजी संध्याकाळी आली, पाया पडली. मग बाटला एका हातानं उचलला आणि तशीच उभी राहिली. माझ्या हाताकडं बघितलं.

"हाताला काय झालं?"

"तवा लागला."

"व्हय," म्हणाली आणि आत गेली. जेवली नाही. उपास असेल.

माझ्या उशाशी भाजल्यावरची मलमाची ट्यूब दिसली. कुठंतरी ठेवायची म्हणून इथं विसरली असेल. मी लावलं. तिला काय कळतंय.

२ ऑक्टोबर

दसरा. राजी उजाडताच सामान घेऊन डेअरीवर गेली.

दुपारी बया आपट्याचं पान द्यायला आली. "सोनं घे आन सोन्यासारखी ऱ्हा" म्हणून पान हातात ठेवलं आणि बसायच्या आधीच सुरू झाली.

"चंद्रे, तुझी नात कुठं तोंड दावणार आता? सांधा बसवला म्हणं, आन गॅसाचा बाटला मोकळा. लाला म्हणतोय विट्यात इकला."

"कोण म्हणतो?"

"सगळीच. तो गॅस मिळत न्हाई, त्याला लय मागणी हाय, पोरीनं हात मारला. आता कुलर चालू व्हत न्हाई. माझं सांजचं दूध बी वासराला."

"राजी काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्या हातनं कॉक ढिला ऱ्हायला, गळून गेला. कोण इस्वास ठिवंल?"

बया गेल्यावर पान हातात तसंच होतं.

म्हणजे तोच गॅस परत घालायचा होता. खरंच. पोरगी उगाच बोलली नव्हती.

आणि कॉक ढिला नव्हता. तो किती घट्ट होता ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मग ती असं का बोलली? स्वतःचंच चुकलं असं तिला वाटत असेल. तिला आठवत नसेल.

राजी आल्यावर मी ताट वाढलं.  पुरणपोळी तशीच राहिली. मी सांगायला दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं आणि एकदा म्हशीला पाणी दाखवलंस का म्हटलं. हे तोंड गावभर चालतं आणि घरात असं करतं.

३ ऑक्टोबर

सकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीवर गेले. मुद्दाम त्याच वेळेला. किटल्या घेऊन निम्मा गाव उभा असतो. गॉगल घातला होता, म्हणजे कुणाकडं बघते ते कळत नाही.

लाला खुर्चीत. राजी खाली मान घालून कुलरचे नट आवळत होती. नाथाजी भिंतीला टेकून गंमत बघत होता.

लाला म्हणत होता, "पोरी, मी पोलिसांत जात न्हाई, तुझ्या आज्ज्याकडं बघून. कुणाला इकला तेवढं सांग."

"इकला न्हाई. माझ्या हातनं..."

नाथाजी हसला. "लालासाहेब, गंमत बघा. मी म्हणालो हुतो हवेत सोडतो. सोडला असता तर कुणी इचारलं असतं का, कुठं गेला म्हणून? हिनं जपला म्हणून ही चोर."

वाईट बुद्धीनं बोलला, पण बोलला खरं. ते माझ्या काळजात गेलं. पोरीनं टाकला असता तर गावानं हार घातला असता.

मी म्हटलं, "लाला, गॅस कुठं गेला ते मला ठावं हाय."

"कुठं, काकी?"

मी बोट वर केलं.

"वर म्हंजे? माडीवर?"

"आभाळात. मी सोडला. खंडेनवमीला बाटला धुऊन पूजेला लावला. भरलेला कसा लावायचा? ही बघ पावती." अंगठा आणि दोन बोटं त्याच्या नाकापुढं धरली. फोड फुटून कातडी लोंबत होती. लाला मागं सरकला. "ह्या गॅसानं भाजलंय. तव्यानं असं भाजतं का बघ, तुझ्या बायकोला इचार. चोर धरायचा तर ह्यो हात धर. आन कॉक ढिला नव्हता. पान्यानं उघडलाय मी."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. बयानं किटली खाली ठेवली.

राजी उठून म्हणाली, "आजी, तू गप बस."

"तूच गप बसलीस म्हणून मला बोलायला लागलं."

लालानं खुर्ची परत पुढं ओढली. मग म्हणाला, "बरं, चोरी न्हाई तर न्हाई. पण दूध कशानं थंड करू? काकी फुंकर मारणार हायेत का?"

तेव्हा नाथाजीकडं लक्ष गेलं. त्याच्या दुकानामागं मेलेल्या एसींचा ढीग आहे, कापडाच्या दुकानातले, बँकेतले. जाता येता बघते.

"नाथाजी, त्या पेट्यांचं काय करतोस?"

"फोडून तांबं काढतो. बाकी भंगारात."

"आन आतला गॅस?"

"सोडून देतो की. त्यो काय खायाचाय?"

"राजी, त्योच का गं हा, बावीस नंबर?"

राजीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते गॉगलमधून नीट दिसलं नाही. म्हणाली, "जुन्या पेट्यांत त्योच, आजी."

मग मी त्या सगळ्यांना कोईमतूरचं सांगितलं. गलाईवाल्याच्या दुकानात केर टाकत नाहीत. जमीन झाडायची ती मऊ झाडूनं. ती माती, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवायचं. पाहुण्याला वाटतं काय कंजूस माणसं आहेत. वर्षअखेर तो केर आटवला की त्यातून सोनं निघतं. डोळ्याला एक कणही दिसलेला नसतो. तीस वर्षं मी तो केर राखला, आणि नातीचा बाटला केर म्हणून ओतून आले.

शेवटचं वाक्य मी तिथं बोलले नाही. इथंच लिहिते. लालानं तिथंच नाथाजीला सांगितलं, त्या पेट्यांतला गॅस पोरीला कुलरासाठी काढू दे, तांबं तुझंच.

परत येताना राजीनं एवढंच विचारलं, "मलम रोज लावतीस न्हवं?"

म्हणजे ट्यूब विसरली नव्हती.

५ ऑक्टोबर

दोन दिवस नाथाजीच्या दुकानामागं चाललंय. मी गॉगल घालून उलट्या घमेल्यावर बसते. राजी एकेका पेटीला नळी लावते आणि मशीन चालू करते. एका पेटीतून थोडासाच निघतो. काही पेट्या आधीच मोकळ्या.

नाथाजी पहिल्या दिवशी कुरकुरला. "एका पेटीला एवढा येळ? तेवढ्यात मी धा फोडतो."

मी म्हटलं, "फोडायला काय लागतंय? नारळ माकडाला बी फोडता येतो."

दुसऱ्या दिवशी तोच नळी धरायला आला. म्हणाला, ताई, ह्या मशीनचं आत कसं चालतं? राजीनं दाखवलं. मला वाटतं मशीन त्याला आवडलं. आभाळाचं त्याला अजून काही पडलेलं नाही. चालतंय. देवळात प्रसादाला आलेला माणूसपण नमस्कार करतोच.

दोन पेट्यांपाशी राजी थांबली. त्यातला गॅस आंबलाय म्हणाली, पेटीतली मोटर जळून खराब झालेला. तो कुलरात घातला तर कुलरही जाईल. त्यासाठी तिनं वेगळा बाटला लावला.

नाथाजी म्हणाला, "ह्यो तर कुणाच्याच कामाचा न्हाई. ह्यो तरी सोड."

"सोडायचा न्हाई. सांगलीला द्यायचा. तिथनं पुढं साफ करायला धाडत्यात, न्हाईतर जाळून संपवत्यात."

"म्हंजे तुला काय मिळणार?"

"काय न्हाई."

नाथाजीनं माझ्याकडं बघून डोळे फिरवले. मी आभाळाकडं बघत होते. राजीला विचारलं, मी सोडला तो आता कुठवर गेला असेल? ती म्हणाली, खाली वाऱ्याबरोबर फिरतोय, थोडा वाटेत विरंल, पण वर पोचायला वर्षं लागतात.

म्हणजे मी आधी पोचणार. आला की अडवते.

६ ऑक्टोबर

कुलर चालू झाला. बयाचं सांजचं दूध घेतलं. किटली घेऊन येताना ती माझ्या दारात थांबली, वासरू उपाशी ऱ्हायलं गं आज, म्हणाली आणि हसली. दात नसलेलं हसू लहान पोरासारखं दिसतं.

लाला घरी आला होता. "काकी, बोलण्यात जरा जास्ती..."

"मला का सांगतोस? मला कुठं बोललास? जिला बोललास ती पुढच्या खोलीत हाय."

गेला. आतलं ऐकू आलं नाही. या ऑपरेशनवाल्यानं कानांचं काही केलं नाही.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. फोड वाळले. बोटांवर नवी कातडी आलीय, गुलाबी, मेलेल्या माणसावर बाळाचं कातडं लावल्यासारखी.

आज नव्या केरसुणीची पूजा असते. पाट मांडला, केरसुणी ठेवली. मग सोप्यात गेले. आंबलेल्या गॅसाचा बाटला अजून तिथंच आहे. सांगलीची गाडी सणानंतर येणार. त्यात नाथाजीच्या अजून तीन जळक्या पेट्यांचा गॅस भरलाय, त्यानं स्वतः राजीचं मशीन नेऊन काढलेला. कसंनुसं काढलंय, पण काढलंय.

माझ्यानं उचलेना, म्हणून ओढत आणला. आवाज ऐकून राजी दारात येऊन उभी राहिली. आधी घाबरली असणार. मग बघितलं की मी तो केरसुणीशेजारी ठेवते.

"आजी, भरल्या भांड्याची पूजा व्हत न्हाई म्हणतीस ना?"

"तुझा आज्जा म्हणायचा."

"मग?"

"त्याला काय सगळंच कळत हुतं का?"

 तिनं पणती आणून बाटल्यापासून लांब ठेवली.

मी बाटल्याला कुंकवाचं बोट लावलं. नवी कातडी आहे, झोंबलं. अंगाला लावलं, पोटाला लावलं. कॉकाला लावायचं राहिलं. राहू दे. तिकडं हात नको.